नवं डीप हाऊस: रिलीज, कंपाइलेशन आणि खरेदीआधीची चाळणी

ठेकेदार (धागाकर्ता)

२०१५च्या जुलैपासून जगभर रिलीजचा वार शुक्रवार ठरला आहे, त्यामुळे नव्या डीप हाऊसचा (हाऊस या नृत्यसंगीताचा मऊ, कॉर्ड्सवर चालणारा प्रकार) अख्खा ढीग एकाच दिवशी अंगावर येतो. 'या आठवड्याचे भारी ट्रॅक' अशा याद्यांना तोटा नाही. पण तो ट्रॅक दोन डेकच्या (डीजेच्या प्लेअरच्या) मध्ये कसा वागेल, हे त्या याद्यांत कधीच नसतं. हा धागा त्यासाठी. आवडनिवड ज्याची त्याची; इथे फक्त फ्लोअरवर काय चालतं आणि काय अडतं, एवढंच बोलूया.

सुरुवात माझ्या चाळणीने करतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्यांतच अर्धा ढीग गळतो.

आधी लांबी आणि व्हर्जन पाहा. १२२ बीपीएमला (मिनिटाला १२२ बीट, म्हणजे ठोके) एक बार, म्हणजे चार बीट, जवळपास १.९७ सेकंदांचा, म्हणजे ३२ बार साधारण ६३ सेकंद. इंट्रो (सुरुवातीचा भाग) ३२ बार, आउट्रो (शेवटचा) ३२ बार धरला तर दोन मिनिटं मिसळण्यातच गेली. मधे ट्रॅकला स्वतःचं काही बोलायला चार मिनिटं तरी हवीत. म्हणजे सहा मिनिटांच्या आसपासचा ट्रॅक. साडेतीन मिनिटांचं जे येतं ते ऐकायचं व्हर्जन. त्याच्या बाजूला 'एक्सटेंडेड' किंवा 'क्लब मिक्स' आहे का ते शोधायचं, नसेल तर पुढे जायचं.

मग पहिली ३० सेकंदं. नुसता किक-हॅट (खालचा ढोल आणि झांज) आहे की पहिल्या बीटपासून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) लागली आहे? कॉर्डने उघडणारा ट्रॅक वाईट नाही, पण तो आधीच्या ट्रॅकच्या सुरात नसेल तर पहिल्या सेकंदापासून भांडतो. नुसत्या ठेक्याने उघडणारा कुठेही जातो.

नंतर बेस कधी येतो ते मोजा. १७व्या किंवा ३३व्या बारला आला तर उत्तम. २१व्या किंवा २७व्या बारला आला तर तो ट्रॅक फ्रेज (बारांचा ठरलेला गट) मोडतो, आणि तुमची खर्जाची अदलाबदल (एकाचा बेस काढून दुसऱ्याचा आणणं) चुकीच्या जागी पडते.

मधला ब्रेक: किक किती बार गायब आहे? आठ ते सोळा बार ठीक. सोळा बार म्हणजे ३१-३२ सेकंद. त्याहून लांब ब्रेक डीप हाऊसमध्ये क्वचितच पेलतो. लोक पाणी आणायला निघतात.

शेवटी शेवटचं मिनिट. हे कुणी ऐकत नाही, आणि घोळ नेमका इथेच असतो: कॉर्ड शेवटपर्यंत चालू, किंवा किक एकदम कापलेली.

---

नवखा_डेक

उपयोगी. पण दुकानातला प्रिव्ह्यू तर दोनच मिनिटांचा असतो, तोही मधलाच तुकडा. मग इंट्रो-आउट्रो ऐकायचा कुठे?

---

ठेकेदार

बँडकॅम्प या साइटवर बहुतेक लेबलं (संगीत काढणाऱ्या कंपन्या) पूर्ण ट्रॅक ऐकू देतात. तिथे नसेल तर लेबलच्या अधिकृत व्हिडिओ चॅनलवर बघा. दुकानाच्या प्लेअरमध्ये वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दिसत असेल तर त्यावरूनही अंदाज येतो: सुरुवातीला समान उंचीची दाट पट्टी म्हणजे ठेका, मधली दरी म्हणजे ब्रेक. एक मात्र सांभाळा, प्रिव्ह्यू कमी बिटरेटचा असतो. त्यावरून खर्जाबद्दल मत बनवू नका.

---

रात्रपाळी

चाळणीशी सहमत, पण मूळ दुखणं त्याही आधीचं आहे. 'डीप हाऊस' हे नावच इतकं सैल झालंय की दुकानातला त्याचा चार्ट (खपाची यादी) उघडला की त्यात निम्मं डीप नसतंच.

---

तबकडी

ते जुनं दुखणं आहे. मूळ धागा शिकागोचा: १९८०च्या दशकाच्या मध्यात लॅरी हर्डने ड्रममशीनच्या ठेक्यावर जॅझमधल्या सातव्या-नवव्या स्वराच्या कॉर्ड्स आणि उबदार पॅड्स (लांब, मऊ सूर) आणले. १९९३मध्ये रॉन ट्रेंट आणि शे डेमिये यांनी प्रिस्क्रिप्शन हे लेबल सुरू केलं. आज 'डीप' म्हणून जे ओळखलं जातं त्यातलं बरंच त्या लेबलवर सापडतं. डेट्रॉइटमध्ये थिओ पॅरिशचं साउंड सिग्नेचर हे लेबल आणि मूडीमॅनचं काम: धूसर, सॅम्पलचं (जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांचं), मुद्दाम थोडं ओबडधोबड. नंतर २०१२-१४च्या सुमारास ऑर्गन बेस, पॉप गाणं आणि मोठा ब्रेक असलेल्या मालालाही दुकानांनी 'डीप हाऊस'च म्हटलं. तेव्हापासून चार्ट गढूळ आहे तो आहेच.

यातून वाट अशी. प्रकारावरून शोधू नका, लेबलवरून शोधा. लंडनचं फ्रीरेंज (१९९६पासून), स्टॉकहोमचं लोकल टॉक (२०११), ॲमस्टरडॅमचं हाइस्ट (२०१३), ब्रिस्टलचं शॅल नॉट फेड (२०१५), तोक्योचं म्यूल म्युझिक, हॅम्बर्गचं स्मॉलव्हिल, शिकागोचं लार्ज म्युझिक. प्रत्येकाचा पोत वेगळा. स्मॉलव्हिल मऊ आणि स्वप्नाळू, सेटच्या पहिल्या तासाचं. हाइस्टमध्ये सॅम्पल आणि डिस्कोचा रंग जास्त, ते मधल्या तासाला उभं राहतं. दहा-पंधरा लेबलं फॉलो केली की शुक्रवारचा ढीग आपोआप आटतो.

दुसरं, दुकानांची विभागणी समजून घ्या. बीटपोर्ट या ऑनलाइन दुकानाने २०१७-२०च्या दरम्यान आफ्रो हाऊस, मेलोडिक हाऊस अँड टेक्नो, ऑर्गॅनिक हाऊस असे वेगळे कप्पे काढले, त्यामुळे पूर्वी डीप हाऊसमध्ये पडणारं बरंच आता तिकडे पडतं. ट्रॅक्ससोर्स या दुकानात सोलफुल हाऊस हा कप्पा स्वतंत्र आहे आणि डीपचं चांगलं काम कित्येकदा तिथेच सापडतं. मिनिमल/डीप टेकमध्येही डोकवा, तिथे कोरडं पण बेसला घट्ट असं काही ना काही मिळतं.

---

मोनो

दक्षिण आफ्रिका राहिली की. तिकडचं डीप हाऊस ११२ ते ११८ बीपीएमच्या आसपास रेंगाळतं आणि त्यात तालवाद्यांची वीण दाट असते. ते १२३वर ओढलं की वीण गिचमिड होते. सेट ११६वर उघडायचा असेल तरच घ्या. पाच टक्के पिच लावून (वेग वाढवून) वापरायचा हा माल नाही.

---

रात्रपाळी

कंपाइलेशनबद्दल कुणीतरी लिहा. वर्षअखेर जवळ आली की 'बेस्ट ऑफ'चा महापूर येतो आणि त्यातलं काय घ्यावं कळत नाही.

---

खर्ज

कंपाइलेशन हा एक प्रकार नाही, चार वेगळ्या गोष्टींना तो एकच शब्द चिकटला आहे.

पहिला, मिक्स्ड. एका डीजेने सलग बांधलेला सेट. डीजे-किक्स (१९९५पासून) किंवा लंडनच्या फॅब्रिक क्लबची २००१ ते २०१८ची सीडी मालिका ही याची उदाहरणं. ऐकायला आणि क्रम शिकायला सोनं. वाजवायला मात्र जपून: डिजिटल दुकानात त्याचेच तुकडे ट्रॅक म्हणून टांगलेले असतात आणि नावापुढे 'मिक्स्ड' लिहिलेलं असतं. त्या तुकड्याच्या सुरुवातीला आधीच्या ट्रॅकचं शेपूट असतं, वेग बदललेला असतो, शेवट पुढच्यात मिसळलेला असतो. हा तुकडा पुन्हा मिसळायला गेलात की तीन ट्रॅक एकावर एक चढतात. त्याच कंपाइलेशनची 'अनमिक्स्ड' आवृत्ती वेगळी मिळते का, ते आधी पाहा.

दुसरा, लेबल सॅम्पलर. मार्चमध्ये मायामी, उन्हाळ्याच्या तोंडावर इबिसा, ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅम डान्स इव्हेंट या डान्स संगीताच्या तीन वेळा गाठून लेबलं ८ ते २० ट्रॅकचे सॅम्पलर काढतात. डीजेच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं हेच. पूर्ण लांबीचे ट्रॅक असतात, त्यातले काही अजून एकट्याने रिलीज न झालेले, आणि एकाच लेबलचे असल्याने पोत जुळतो.

तिसरा, वर्षअखेरचं 'बेस्ट ऑफ'. यात नवं जवळपास शून्य. ज्यांनी वर्षभर ते लेबल घेतलं नाही त्यांना सोयीचं, बाकीच्यांना दुबार खरेदी. आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) दिसत असेल तर तपासा: बारा अक्षरी क्रमांकातलं सहावं-सातवं अक्षर हे तो दिला गेल्याचं वर्ष असतं. '१९' दिसलं तर रेकॉर्डिंग २०१९च्या नोंदीचं, मुखपृष्ठ कितीही नवं असो. तुमच्याकडच्या फाइलचा आणि याचा क्रमांक एकच असेल तर ते तेच रेकॉर्डिंग आहे.

चौथा, पन्नास-शंभर ट्रॅकचं गाठोडं. 'डीप हाऊस इसेन्शियल्स', 'समर', 'बीच', 'लाउंज' वगैरे. याबद्दल काय बोलावं.

---

साडेसात_मिनिटं

बोला की. मला त्या गाठोड्यांत कधीमधी हाताला लागतं. बंद पडलेल्या छोट्या लेबलांचे हक्क विकले जातात आणि ते ट्रॅक फक्त अशाच गाठोड्यांत उरतात. सरसकट कचरा म्हणणं अन्याय आहे.

---

खर्ज

लागतं हे खरं, पण ते शोधायला लागणारा वेळ ट्रॅकच्या किमतीपेक्षा महाग पडतो. गाठोडं ओळखायच्या खुणा सांगतो, मग ज्याने त्याने ठरवावं. एक, शंभरपैकी ऐंशी ट्रॅक तीन ते चार मिनिटांचे. दोन, एकाच माणसाचे ट्रॅक पाच वेगळ्या नावांनी; गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात नाव एकच. तीन, मूळ लेबलचा कॅटलॉग क्रमांक कुठेच नाही. चार, लागोपाठच्या दोन ट्रॅकच्या आवाजात पाच-सहा डेसिबलचा फरक, म्हणजे एकत्र मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळवणी) झालेलंच नाही. पाच, गेल्या वर्षीच्या गाठोड्यात याच क्रमाने हेच चाळीस.

---

साडेसात_मिनिटं

पाचपैकी चौथ्या खुणेशी असहमत. चांगल्या लेबलच्या जुन्या-नव्या ट्रॅकच्या संग्रहातही आवाजात तेवढा फरक असतो, आणि तिथे तो असणंच बरं. नव्वदच्या दशकातला ट्रॅक साधारण उणे १३-१४ एलयूएफएसचा (आवाज किती मोठा भासतो त्याचं माप; शून्याच्या जवळ म्हणजे मोठा) आणि आजचा उणे ८चा, तर फरक पडणारच. तो भरून काढायला जुन्याला दाबून चपटा केला की त्याची किक मेली. मिक्सरवरचा ट्रिम नॉब (चॅनलचा आवाज जुळवायचा) त्यासाठीच दिलाय. दोन्ही चॅनलची किक मीटरवर सारख्या उंचीला आणा, लाल दिवा लागू देऊ नका, झालं. रीमास्टर म्हणून जुनं गाणं पुन्हा विकत घेण्याआधी दोन्ही फाइली आवाज जुळवून ऐका. नाहीतर जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो.

---

खर्ज

मान्य, चौथी खूण मागे घेतो. बाकीच्या चार पुरेशा आहेत.

---

मोनो

नव्या रिलीजमध्ये मला सगळ्यात जास्त अडणारी गोष्ट: रुंद केलेला बेस. हेडफोनवर गोल, भरलेला, छान. फ्लोअरवर पोकळ. बहुतेक साउंड सिस्टिम सबला (खर्जाच्या स्पीकरला) मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र केलेला, सिग्नल देतात. बेसच्या डाव्या-उजव्या बाजूत फेजचा (लहरींच्या वेळेचा) फरक टाकून रुंदी आणलेली असेल तर दोन्ही बाजू एकत्र आल्यावर एकमेकींना खोडतात.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. कुठल्याही ऑडिओ प्रोग्राममध्ये फाइल टाका, मोनो करा, १२० हर्ट्झच्या वरचं सगळं लो-पास फिल्टरने कापा आणि स्टीरिओशी आलटूनपालटून ऐका. मोनो केल्यावर खर्ज स्पष्टपणे बारीक झाला तर तो ट्रॅक मोठ्या सिस्टिमवर दगा देणार. कोरिलेशन मीटर (दोन्ही बाजू किती जुळतात ते दाखवणारं) असेल तर खालच्या पट्टीत काटा शून्याखाली जाता कामा नये. पॅड्सचंही हेच: मोनोत पॅड पूर्ण नाहीसं होत असेल तर लहान, एका बाजूला स्पीकर लावलेल्या जागी ट्रॅकमधला जीवच जातो.

बेसचा स्वरही बघा. ई१ म्हणजे ४१ हर्ट्झ, जी१ म्हणजे ४९, ए१ म्हणजे ५५. ई किंवा एफमध्ये लिहिलेली खोल बेसलाइन लहान सबवर अर्धी ऐकूच येत नाही. जी ते ए हा पट्टा बहुतेक ठिकाणी भरून येतो. अनोळखी जागी जाताना पिशवीत या पट्ट्यातले ट्रॅक जास्त ठेवा.

---

नवखा_डेक

फाइल कुठल्या प्रकारची घ्यावी? एमपी३ ३२० पुरते म्हणतात.

---

तबकडी

पुरतेही, पण हिशोब असा. १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह (न दाबलेली फाइल) मिनिटाला साधारण १०.६ एमबी, म्हणजे सात मिनिटांचा ट्रॅक ७४ एमबी. तोच एमपी३ ३२०मध्ये १७ एमबी. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर वेव्हचे आठशेवर ट्रॅक मावतात, म्हणून जागेची सबब आता राहिलेली नाही.

माझी पसंती एआयएफएफला. आवाज वेव्हइतकाच, शिवाय कलाकार-लेबल-मुखपृष्ठ ही माहिती फाइलसोबत टिकते. वेव्हमधले टॅग एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना गळतात. फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेली फाइल) साठवायला उत्तम, पण जुने प्लेअर ते घेत नाहीत: सीडीजे-२००० नेक्सस नाही, २०१६चा नेक्सस २ घेतो.

आणि फसवी फाइल ओळखायला शिका. स्पेकसारख्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रम पाहा. खरी ३२० साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत भरलेली दिसते. १६ किलोहर्ट्झवर कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती मूळची १२८, वर चढवलेली. अपवाद एकच: धूसर, टेपमधून काढलेल्या डीप हाऊसमध्ये वरचा भाग मुळातच कमी असतो. तिथे उतार हळूहळू असतो, सरळ रेघ नसते.

---

ठेकेदार

यात एक खाच आहे. आधी एमपी३ घेतला, क्यू (ट्रॅकमधल्या जागांच्या खुणा) लावले, मग त्याच ट्रॅकची वेव्ह घेऊन फाइल बदलली, तर सगळे क्यू आणि बीटग्रिड (बीटच्या जागांची आखणी) साधारण २६ मिलिसेकंदांनी सरकू शकतात. एमपी३च्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता भरतो आणि प्रत्येक प्रोग्राम ती वेगळ्या पद्धतीने मोजतो. १२२ला एक बीट ४९२ मिलिसेकंदांचा, त्यात २६ म्हणजे किक दुहेरी ऐकू यायला पुरेसं. फाइल बदलली की ग्रिड पुन्हा तपासायचाच.

ग्रिडबद्दल अजून दोन गोष्टी. पॅड किंवा नुसत्या ऑफबीट हॅटने उघडणाऱ्या ट्रॅकमध्ये प्रोग्राम हॅटलाच किक समजतो आणि ग्रिड बरोबर अर्धा बीट पुढे बसतो. पहिली ठाम किक शोधून तिथे 'एक' लावा. दुसरं, वेगाचा आकडा. नव्या, संगणकावर बनलेल्या ट्रॅकचा बीपीएम जवळजवळ नेहमी पूर्णांक असतो. १२१.९५ दिसलं तर १२२ करा. ०.०५ची चूक क्षुल्लक वाटते, पण पाच मिनिटांत ती पाव बीट होते, म्हणजे १२३ मिलिसेकंद. सिंकवर (यंत्राच्या आपोआप वेग-जुळवणीवर) भरवसा ठेवणाऱ्यांचे लांब ब्लेंड (दोन ट्रॅक मिसळणं) इथेच फाटतात.

खऱ्या ड्रमरचं किंवा जुन्या डिस्कोचं सॅम्पल असेल तर पूर्णांकाचा नियम लागू नाही. तिथे बदलता ग्रिड लावा, नाहीतर सरळ कानाने आणि हाताने.

---

रात्रपाळी

सुराचं काय? की डिटेक्शन (प्रोग्रामने सूर ओळखणं) डीप हाऊसमध्ये हमखास चुकतं असं दिसतं.

---

खर्ज

चुकतं, आणि का चुकतं ते कळलं की घाबरायला होत नाही. ए मायनर सेव्हन्थ कॉर्डमधले स्वर ए, सी, ई, जी. यातले वरचे तीन म्हणजे सरळ सी मेजर. प्रोग्राम कधी ८ए म्हणतो (कॅमेलॉट या सुरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत ए मायनर), कधी ८बी (सी मेजर). दोन्ही शेजारी आहेत, मिसळताना काही बिघडत नाही. शिवाय बरंच डीप हाऊस डोरियन या स्वरमालेत असतं. ए डोरियनचे स्वर जी मेजरचेच, म्हणून स्क्रीनवर ९ए किंवा ९बी येतं आणि बेस मात्र ए धरून बसलेला. बेसचा मुक्कामाचा स्वर कीबोर्डवर शोधून शेरा लिहून ठेवा. कॅमेलॉटच्या आकड्यापेक्षा हा शेरा जास्त कामाचा.

पिचचाही हिशोब ठेवा. सहा टक्क्यांना जवळपास एक सेमिटोन. १२०चा ट्रॅक १२४वर नेला तर ३.३ टक्के, म्हणजे अर्ध्या सेमिटोनहून थोडं जास्त: ना धड या सुरात, ना त्या. इथे मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावावाच लागतो, पण लांब पॅड आणि खोल बेसवर तो खरखरतो, थरथरल्यासारखा ऐकू येतो. यावर उपाय म्हणजे सेटचा वेग अशा ट्रॅकच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवणं.

---

साडेसात_मिनिटं

डब व्हर्जनची कुणी आठवण काढली नाही. रिलीजमध्ये ओरिजिनल, डब, इन्स्ट्रुमेंटल असे तीन असतील आणि एकच घ्यायचं असेल तर मी डब घेतो. गाण्याचे तुकडे इको होऊन येतात-जातात, सलग ओळी नसतात, त्यामुळे आधीच्या ट्रॅकमधला आवाज संपायच्या आत आणता येतो. दोन गाणारे आवाज एकावर एक चढले की सगळ्यात सुंदर कॉर्डसुद्धा वाचवत नाही.

---

नवखा_डेक

आणि ट्रॅक आवडला, पण एक्सटेंडेड निघालाच नाही तर?

---

ठेकेदार

स्वतः वाढवा. फक्त वाजवण्यापुरता, तो वाटायचा किंवा कुठे चढवायचा हक्क आपला नाही.

प्रोजेक्टचा वेग ट्रॅकच्या अचूक बीपीएमवर ठेवा. ट्रॅकचा वेग स्थिर असेल तर वॉर्प (वेगासाठी आवाज ताणण्याची सोय) बंद करा, उगाच आवाज खराब होतो. पहिली किक ३३व्या बारच्या तोंडावर बसवा, म्हणजे त्याआधी ३२ बार मोकळे राहतात. आता ट्रॅकमध्ये नुसत्या ठेक्याचे आठ बार शोधा. बहुतेकदा आउट्रोत सापडतात. ते चार वेळा लावा. प्रत्येक सांध्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा उतरवत दुसरा चढवणं) द्या, नाहीतर टिक् ऐकू येते. पहिल्या १६ बारांवर १५० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) ठेवा, म्हणजे खर्ज मोकळा राहतो आणि आधीच्या ट्रॅकचा बेस सुखाने चालतो.

चुका दोन ठिकाणी होतात. लूपच्या पहिल्या बीटवर आधीच्या कॉर्डच्या रिव्हर्बचं (घुमण्याचं) शेपूट अडकलेलं असतं. ते दर आठ बारांनी उसळतं आणि लूप उघडा पडतो. एक-दोन बार पुढून कापा. दुसरी, काम झाल्यावर पुन्हा एमपी३ करणं. एमपी३मधून एमपी३ म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. वेव्ह किंवा एआयएफएफच ठेवा, नॉर्मलाइज करू नका (आवाज आपोआप वाढवू नका).

नुसता ठेका कुठेच नसेल तर स्टेम (ठेका, बेस, गाणं असे थर) वेगळे करणारं सॉफ्टवेअर वापरता येतं, पण हॅट पाण्यात बुडाल्यासारखे होतात. तिथे फक्त किक घ्या आणि हॅट स्वतःचे टाका.

---

तबकडी

व्हिनाइलवाल्यांसाठी दोन ओळी. एका बाजूला एक ट्रॅक, ४५ आरपीएम, आठ-नऊ मिनिटांपर्यंत: आवाज मोठा, खर्ज भरलेला. चार ट्रॅकचा ईपी ३३वर असेल तर प्रत्येक बाजूला बारा-चौदा मिनिटं मावतात, पण आवाज थोडा खाली येतो आणि मध्याजवळच्या ट्रॅकचे हॅट किंचित फाटतात. म्हणून ईपीत सगळ्यात आवडता ट्रॅक ए२ किंवा बी२ (बाजूवरचा दुसरा) असेल तर त्याची डिजिटलही घ्या. रेकॉर्ड करून घेताना २४ बिट, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास.

---

रात्रपाळी

दोन तासांच्या सेटला नवं किती न्यावं?

---

मोनो

साडेसहा मिनिटांचा ट्रॅक, दीड मिनिटाचा ब्लेंड, म्हणजे निव्वळ पाच मिनिटं. दोन तासांना २४ ट्रॅक. पिशवीत ४५-५०. त्यातले नवे दहाच्या वर नकोत, कारण नव्याचा ब्रेक आणि आउट्रो अजून हाताला माहीत नसतो. आठवड्याला चार ते सहा घ्या, प्रत्येकाला चारच हॉट क्यू: पहिली किक, बेसचा प्रवेश, ब्रेकची सुरुवात आणि बाहेर पडायची जागा. चौथ्यावर आठ बीटचा लूप साठवून ठेवा. पुढचा ट्रॅक तयार नसला तर तोच हात देतो.

---

खर्ज

आणि ड्राइव्ह दोन, एकसारख्या. ड्राइव्हचं फॉरमॅट एफएटी३२, पार्टिशन एमबीआर. ट्रॅकचं विश्लेषण घरीच पूर्ण करून मग एक्सपोर्ट. ओपस-क्वाड, ओम्निस-ड्युओ, एक्सडीजे-एझेड या यंत्रांना रेकॉर्डबॉक्स या डीजे प्रोग्रामची नवी डिव्हाइस लायब्ररी प्लस लागते. जुन्या पद्धतीने एक्सपोर्ट केलेली ड्राइव्ह तिथे लावली तर प्लेलिस्ट दिसणार नाहीत.

---

नवखा_डेक

शेवटचा प्रश्न. विकत घेतलेली २४ बिटची वेव्ह संगणकावर वाजते, प्लेअरवर ई-८३०५ असा एरर येतो. फाइल खराब आहे का?

---

तबकडी

नाही. त्या वेव्हचं हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) 'एक्सटेन्सिबल' प्रकारचं असणार, आणि बरेच प्लेअर ते ओळखत नाहीत. आत आवाज ठीकठाक आहे. आधी सॅम्पल रेट बघून घ्या: ९६ किलोहर्ट्झ असेल तर ४४.१वर आणा, जुन्या प्लेअरला तो झेपत नाही. मग एआयएफएफ करा, १६ किंवा २४ बिट कुठलंही.

---

नवखा_डेक

क्यू पुन्हा लावावे लागतील?

---

तबकडी

नाही. एमपी३सारखी सुरुवातीची भर इथे नसते, म्हणून काही सरकत नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये जुन्या नोंदीला 'रिलोकेट'ने नवी फाइल जोडा आणि ड्राइव्हवर पुन्हा एक्सपोर्ट करा. जुनी वेव्ह ड्राइव्हवरून काढायला विसरू नका, नाहीतर अंधारात नेमकी तीच लोड होईल.